लोअर आर्मचे बुश घरच्या घरी: बोल्ट गाडी टेकवूनच आवळा

नटबोल्ट

गाडी स्विफ्ट डिझेल, २०१३ ची, लाखाच्या पुढे पळालेली. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना पुढे डावीकडे 'ठक्', ब्रेक दाबला की स्टिअरिंगला किंचित ओढ, आणि डावा टायर आतल्या कडेने खाल्लेला. एका गॅरेजने शॉकअप गेले म्हणून सांगितलं, दुसऱ्याने थेट स्टिअरिंग रॅकवर बोट ठेवलं. गाडी वर उचलून खाली डोकवायचे कष्ट मात्र दोघांनीही घेतले नाहीत.

म्हणून खर्चाला हात घालण्याआधी स्वतः तपासा. पुढची बाजू उचलून स्टँडवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून हलवा, तिथे खेळ असेल तर टाय रॉड. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा हात, तो गाडीखालच्या चौकटीला, म्हणजे सबफ्रेमला, जोडलेला असतो. त्या सांध्यात रबर भरलेलं धातूचं कडं असतं, तोच बुश. टॉमी (लोखंडी पहार) आर्म आणि सबफ्रेमच्या फटीत घालून हलका जोर द्या आणि बुशच्या रबराकडे बघत राहा. रबर थोडं दबणारच, ते त्याचं कामच आहे. पण आतली नळी सरकून बाहेरच्या कड्याला टेकत असेल, किंवा रबर एका बाजूने धातूपासून सुटलेलं दिसत असेल, तर बुश संपला. वरवरच्या बारीक भेगा बघून घाबरू नका, दहा वर्षांच्या रबराला त्या येतातच. आणखी एक तपासणी म्हणजे गाडी सपाट जमिनीवर ठेवून कोणाला तरी आत बसवा. त्याने ब्रेक हलका दाबून पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून पालटून टाकायचा आणि क्लच जेमतेम सोडायचा. आपण बाजूला उभं राहून चाक कमानीत मागेपुढे सरकतं का ते बघायचं. समोर उभं राहू नये हे वेगळं सांगायला नको.

माझा डाव्या आर्मचा मागचा मोठा बुश अर्धा फाटला होता, उजवा त्याच वाटेवर होता. दोन्ही बाजूंचे बदलले.

पाने १४, १७ आणि १९ चे. दोन स्टँड, ट्रॉली जॅक, टॉर्क रेंच, लांब हँडल आणि गंज सोडवणारा स्प्रे. स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवावा. मागच्या चाकांना दगड. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, विटांवर तर अजिबात नको. वीट सांगून फुटत नाही. काढलेलं चाक गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवायचं, स्टँडने दगा दिलाच तर गाडी चाकावर बसते.

जॅक लावायच्या आधी टेप घ्या. गाडी जमिनीवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर मोजून लिहून ठेवा. माझं साधारण ३७ सेंमी भरलं, तुमचं वेगळं असेल. या आकड्याचं काम शेवटी आहे.

आर्म काढताना वेळ खातो तो बॉल जॉइंट. नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, त्याची दांडी पिंच बोल्टने धरलेली असते आणि तो बोल्ट दांडीच्या खाचेतून जातो. त्यामुळे बोल्ट ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग नकलच्या फटीत छन्नी हलकेच ठोकून फट जराशी उघडायची आणि आर्म खाली दाबायचा. सुटला की नकल बाहेरच्या बाजूला ओढू नका. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट जागा सोडतो आणि एका बुशच्या कामाची तीन कामं होतात. ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर वजन येऊ नये म्हणून नकल तारेने शॉकअपला बांधून ठेवावं.

सबफ्रेमकडचे दोन बोल्ट काढले की आर्म हातात. बुश प्रेसवाल्याकडून, म्हणजे दाबयंत्राच्या दुकानातून, बदलून आणले.

बसवताना सगळे बोल्ट घालायचे, पण आर्मचे बुशकडचे बोल्ट फक्त टेकेपर्यंत. मग ट्रॉली जॅक बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ, आर्मखाली लावून चाकाचा मध्य वर घ्यायचा, ते लिहून ठेवलेलं अंतर येईपर्यंत. त्या स्थितीत टॉर्क रेंचने आवळायचं. आकडे आपापल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, इथे विचारून नको.

शेवटी व्हील अलाइनमेंट. ठक् बंद झाला, ओढही गेली. टायर जो खाल्ला तो खाल्लाच.

---

तिसरा_गिअर

छान लिहिलंय. पण एवढा खटाटोप करून बुशच का? बाजारात पूर्ण आर्म मिळतो, बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला. जुना काढा, नवा लावा, प्रेसवाल्याच्या दारात उभं राहायला नको.

---

नटबोल्ट

बॉल जॉइंटही गेला असेल तर पूर्ण आर्मच घ्यावा, वाद नाही. माझे जॉइंट घट्ट होते, रबरी टोप्याही शाबूत. अशा वेळी कंपनीचा आर्म काढून बिननावाचा स्वस्त आर्म लावायला मन होईना. पुण्याच्या नाना पेठेत दोन्ही हातात घेऊन बघा, पत्र्याची जाडी आणि वेल्डिंग यातला फरक दिसतो. कंपनीचाच पूर्ण आर्म परवडत असेल तर जरूर घ्या, काम निम्म्यावर येतं.

---

उद्यमनगरकर

भावा, प्रेसच्या कामावर तू एका ओळीत पाणी सोडलंस. आमचं दुकानच ते, म्हणून सांगतो.

जुना बुश काढायच्या आधी रंगाने किंवा पंचने खूण करायची. मोठ्या बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. एका दिशेला मऊ, दुसऱ्या दिशेला कडक, असा हिशोब असतो त्याचा. नव्वद अंशात फिरवून बसवला तर गाडी वेगळीच चालणार, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणणार बुश खराब दिला. नवीन बुशवर बाण किंवा खाच असते, ती आर्मवरच्या खुणेला जुळवायची.

दाब द्यायचा तो बाहेरच्या कड्यावर. आतल्या नळीवर दाबलं की रबर जाग्यावर सुटतं, वरून काही दिसत नाही आणि महिन्याभरात परत ठक्-ठक्. आर्मचं डोळं, म्हणजे बुश बसतो ते भोक, खालून नीट टेकलेलं पाहिजे, नाहीतर पत्र्याचा आर्म वाकतो. बुश किती आत बसला होता तेही काढायच्या आधी मोजून ठेवायचं.

घरात प्रेस नसेल तर जाड आट्याचा रॉड, दोन नट, जाड वायसर आणि मापाचे पाइपचे तुकडे घेऊन ओढून बसवता येतो. छोटा बुश जातो तसा. मोठ्याला लई कस लागतो, त्यापेक्षा प्रेसवाल्याकडे या, चहाही मिळंल.

जुना निघत नसेल तर रबर ड्रिलने पोखरून काढा, मग बाहेरचं कडं हॅक्सॉच्या पात्याने आतून कापा. पातं आर्मच्या डोळ्याला लागू द्यायचं न्हाई. जाळून काढणारे पण आहेत. धूर घाण, आणि गरम झालेल्या आर्मचा भरवसा मी देणार न्हाई.

---

मोगरा

बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की आकसतो आणि सहज बसतो असं एका व्हिडिओत पाहिलं. आमच्याकडे मटारच्या शेजारी जागा आहे. खरंच उपयोग होतो का?

दुसरा प्रश्न अडाणीपणाचा वाटेल. चाक लटकत असताना बोल्ट आवळला काय आणि टेकल्यावर आवळला काय, बोल्ट तर तोच, टॉर्क तोच. मग फरक कसला?

---

शून्य_कोन

मोगराताई, प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. सगळी गोम त्यातच आहे.

फ्रीजरचं आधी. पोलादाची लांबी दर अंश सेल्सियसला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन बदलते. बुश ४० मिमी व्यासाचा धरा, खोलीचं तापमान २८ आणि फ्रीजर उणे १८. फरक ४६ अंश. हिशोब केला तर व्यास जेमतेम ०.०२ मिमी कमी होतो. थोडी मदत होते, पण 'सहज बसतो' म्हणण्याइतकी नाही, आणि प्रेसपर्यंत नेईस्तोवर निम्मा फायदा हवेत जातो. मटार सुरक्षित ठेवा.

आता आवळण्याचं. आपल्याला वाटतं की आर्म बोल्टभोवती बिजागरीसारखा फिरतो. तसं नसतं. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी सबफ्रेमच्या दोन कानांत घट्ट पकडली जाते, ती फिरतच नाही. बाहेरचं कडं आर्ममध्ये दाबून बसवलेलं, तेही फिरत नाही. मधलं रबर दोन्हीला कायमचं चिकटवलेलं. आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळलं जातं म्हणून. म्हणजे ज्या स्थितीत बोल्ट आवळला ती रबराची विश्रांतीची स्थिती, तिथे पीळ शून्य.

आकडे घालून बघू. आर्म ३५ सेंमीचा, आणि उचलल्यावर चाक ८ सेंमी खाली लटकलं. आर्मचा कोन सुमारे १३ अंशांनी बदलतो. लटकत्या स्थितीत आवळून गाडी खाली सोडली की रबर १३ अंश पिळलेलं, गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असतानाही. वर खड्डा आला की पुढचा पीळ त्याच दिशेने वाढतो. टेकलेल्या स्थितीत आवळलं असतं तर तेच रबर शून्यापासून दोन्हीकडे थोडं थोडं पिळलं असतं. रबर फाटतं ते या कायमच्या ताणाने. शिवाय पिळलेला बुश जास्तीच्या स्प्रिंगसारखं काम करतो, म्हणून पुढची बाजू थोडी उंच बसल्यासारखी वाटते, आणि लोक म्हणतात बुश नवीन आहेत, सेट व्हायला वेळ लागेल.

उभ्या अक्षाच्या बुशला, म्हणजे ज्याचा बोल्ट उभा असतो त्याला, हे इतकं लागू होत नाही, तिथे हालचाल वेगळी असते. तरी टेकवून आवळण्यात तोटा काही नाही.

---

घाटवळण

पुस्तकी झालं हे सगळं. आमचा मिस्त्री गेली कित्येक वर्षं लिफ्टवर गाडी टांगलेली असतानाच आवळतो. गाड्या चालतात की!

---

शून्य_कोन

चालतात. बुश लगेच फाटत नाही, म्हणून तर दोष कोणी आवळण्याला देत नाही. मूळ बुश लाखभर किलोमीटर टिकला आणि बदललेला तीस-चाळीस हजारांत गेला, की आपण म्हणतो 'आता पूर्वीसारखा माल येत नाही'. माल डुप्लिकेट असू शकतो, नाकारत नाही. पण त्याच मिस्त्रींना एकदा जॅकने चाक वर घेऊन आवळायला सांगून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

---

घाटवळण

सांगून बघतो. मिस्त्री माझ्या सासऱ्यांचे मित्र आहेत, जपून सांगावं लागेल.

---

खारा_वारा

रत्नागिरीकरांच्या वतीने एक भर. आमच्याकडे बुश फाटण्याआधी बोल्ट गंजतो. खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने बोल्ट बुशच्या आतल्या नळीत असा जाम होतो की नट सुटतो, बोल्ट थोडा फिरून परत येतो, पण बाहेर निघत नाही. कारण नळी बोल्टबरोबर फिरत असते आणि रबर पिळलं जात असतं. मग ठोकून उपयोग नाही, रबर सगळा मार गिळून टाकतं.

अशा वेळी नळी आणि सबफ्रेमचा कान यांच्या फटीतून बोल्ट कापावा लागतो. हॅक्सॉचं नुसतं पातं, एका टोकाला कापड गुंडाळून. ग्राइंडर मारायचा तर ब्रेकचे पाइप आणि इंधनाची लाइन कुठून गेलीय ते आधी बघा. गॅस कटरची जाळ तिथे नेऊ नये. नट सबफ्रेमच्या आत वेल्ड केलेला असेल तर जास्त सांभाळून, तो तुटला की आत हात जात नाही.

नवीन बोल्ट आधीच आणून ठेवा, काम अर्ध्यावर असताना दुकान बंद निघतं. बसवताना बोल्टच्या दांडीला, म्हणजे नळीत राहणाऱ्या गुळगुळीत भागाला, गंजरोधक ग्रीसचा पातळ हात मारतो मी. आट्यांना लावत नाही. आटे वंगणलेले असले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

---

उद्यमनगरकर

आणि रबराला ग्रीस नको! ऑइल, डिझेल, साधं ग्रीस लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. बसवायला साबणाचं पाणी घ्या, सुकल्यावर प्रश्न मिटला.

---

नेकारकाठ

श्टुटगार्टहून. इथे दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी सक्तीची असते, रोजच्या बोलण्यात ट्यूफ म्हणतात. तपासनीस गाडी वर घेऊन टॉमी घालतो आणि बुश फाटलेला दिसला तर शिक्का देत नाही. दुरुस्त करून पुन्हा दाखवायला न्यायची. त्यामुळे इथे सस्पेन्शनचे बुश हा घराघरातला विषय आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे रत्नागिरी आम्हालाही आहेच.

गॅरेजची मजुरी परवडत नाही म्हणून तासावर लिफ्ट भाड्याने देणारी वर्कशॉप आहेत. हत्यारं तिथलीच, हात आपले. पण नटबोल्ट म्हणतात तसं टेकवून आवळणं लिफ्टवर जास्त अवघड जातं. गाडी डोक्यावर, चारही चाकं लटकलेली, बोल्ट समोर दिसतोय, तासाचं भाडं चालू. तिथेच आवळून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. वर्कशॉपात उंच स्टँड असतो, तो चाकाच्या हबखाली लावून लिफ्ट हळूहळू खाली घ्यायची, मोजलेलं अंतर आलं की थांबायचं. गाडी लिफ्टच्या हातांवरून उचलली जात नाही ना यावर लक्ष ठेवून.

युरोपियन गाड्या असतील त्यांच्यासाठी: फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत हे बोल्ट बहुधा 'अमुक टॉर्क आणि वर अमुक अंश' असे आवळायचे असतात, आणि एकदा काढले की नवेच घालायचे. भारतातल्या पोलोवाल्यांनीही मॅन्युअल बघून घ्या.

---

तिसरा_गिअर

पॉलीयुरेथेनचे बुश कोणी वापरलेत? म्हणे आयुष्यभर टिकतात.

---

शून्य_कोन

रबरापेक्षा बरेच कडक, तेला-ग्रीसला दाद देत नाहीत, आणि नळीला चिकटवलेले नसतात. नळी त्यांच्यात फिरते, म्हणून वर सांगितलेली पीळाची भानगड त्यांना नाही. पण फिरायचं म्हणजे वंगण आलं, सिलिकॉनचं. ते सुकलं की जुन्या वाड्याच्या दारासारखे करकरतात. रस्त्याचा प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येतो. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला ठीक. आपल्या रस्त्यांवर, घरच्यांना घेऊन फिरायच्या गाडीत, मी रबरच घालेन.

---

जुनी८००

वडिलांची मारुती ८०० आहे, अजून रोज चालते. तिच्यात आर्मला आत एकच बुश दिसतोय. मागचा बुश शोधून दमलो. ब्रेक मारला की चाक मागे सरकल्यासारखं वाटतं.

---

उद्यमनगरकर

साहेब, तिला मागचा बुश नाहीच. पुढून जो वाकडा बार आलाय, तोच आर्मला मागेपुढे धरतो. बाराचं टोक आर्ममधून आरपार जातं, दोन्हीकडे बुश-वायसर आणि शेवटी नट. ते टोकाचे बुश आणि बॉडीला बार धरणारे डी-बुश गेले की चाक ब्रेकला मागं जातं. आधी तेच बदला. स्वस्त आहेत आणि प्रेसही लागत नाही. वायसरची वाटी कुठल्या तोंडाला होती त्याचा फोटो काढून ठेवा, उलटी बसवतात लोक.

---

शून्य_कोन

या सस्पेन्शनची मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरने केलेली मूळ मांडणी अशीच होती, एक आडवी दांडी आणि अँटी रोल बारच (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला वाकडा बार) लिंक म्हणून. फोर्डने १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या कॉन्सल आणि झेफरमध्ये ती वापरली. ८०० त्याच घराण्यातली. जुनी८००, बाराच्या टोकाचे नटही गाडी चाकांवर असतानाच शेवटचे आवळा. गाडी हलकी आहे, दोन्ही चाकं रॅम्पवर चढवून खाली शिरलं की काम होतं.

---

जुनी८००

टोकाचे बुश हातात आले ते चार तुकड्यांत. बदलले, चाक जागेवर थांबतंय. वडील म्हणतात पूर्वी अशीच होती.

---

घाटवळण

मिस्त्रींना सांगितलं. आधी हसले, मग म्हणाले ट्रकच्या पाट्यांचे बुश आम्ही वजनावरच आवळायचो, कारमध्ये कोणी विचारलं नाही. माझ्या गाडीला जॅक लावून आवळले.

---

मोगरा

धाग्यातल्यासारखं टॉमी लावून तपासलं, मुलाला स्टिअरिंगवर बसवून. आर्मचे बुश चांगले निघाले. खडखड लिंक रॉडची, म्हणजे अँटी रोल बारला चाकाकडे जोडणाऱ्या छोट्या दांडीची, होती. हाताने हलवला तरी टकटक वाजतो. गॅरेजने दोन्ही आर्म बदलायचं अंदाजपत्रक हातात ठेवलं होतं. आता लिंक रॉड मीच बदलणार आहे. तोही चाक टेकवूनच आवळायचा का?

---

नटबोल्ट

नाही ताई. तुमच्या लिंक रॉडला दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतील तर तो मोकळा फिरतो, लटकत्या चाकावर आवळला तरी चालतो. मात्र पुढची दोन्ही चाकं सारखी उचला. एकच उचललं तर अँटी रोल बार पिळलेला राहतो आणि बोल्ट भोकातून निघता निघत नाही. नट सोडताना आतली दांडी सोबत फिरायला लागेल, तिच्या टोकाला अॅलन की किंवा पान्यासाठी कापलेली जागा असते, ती धरून नट फिरवा. गंजलेला असेल तर सरळ कापा, जुना रॉड टाकायचाच आहे. आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.